फक्त पाणी

शिरढोणच्या मळीत सोळा वाफे,
वेळूच्या सोळा खुंट्या, त्यांवर लाल रंगात आकडे.
आदगोंडा मगदुमांच्या रानात
आम्ही लसूणघासाची चाचणी मांडली तेव्हा माघ लागला होता.
पंचगंगेवरून धुकं यायचं
आणि साडेआठपर्यंत पानांवरून उठायचं नाव नाही.

घासाला पाणी लागतं. दर दहा दिवसांनी पाट फोडायचा.
आणि ज्या ओलीवर घास तरारतो
त्याच ओलीवर ठिपका पोसतो.
आधी मोहरीएवढा, तपकिरी,
मग त्याच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा,
मग पान पिवळं,
मग पान मातीत.

चार वाफ्यांना गंधक.
चारांना तांब्याचं निळं पाणी.
चारांना नवीन औषध, ज्याच्या बाटलीला अजून नाव नव्हतं,
नुसता एक आकडा.
आणि चारांना फक्त पाणी:
दोन, पाच, अकरा, सोळा.
तोच पंप, तेच माप, तेवढीच पावलं.
कारण दाब, वारा आणि फवारणाऱ्याची चाल
यांचाही गुण येऊ शकतो, असं आम्हाला शिकवलंय.

बांधावर खुरपं टेकून मालनकाकू बघत होत्या.
"ह्यास्नी पाणीच का गं?"
तुलनेसाठी, मी म्हणाले.
"म्हंजी ह्येनी आजारी पडायचं,
मग बाकीची बरी झाल्याली कळणार?"
हो, काकू.
पुस्तकात याहून दुसरं उत्तर नव्हतं.

दर सोमवारी वाफ्यामागे वीस देठ,
भिंगाखाली पान धरून शून्य ते पाच गुण.
शाळेच्या उलट. शून्य म्हणजे पहिला नंबर.
तोवर गोठ्यातली म्हैस उसाच्या वाड्यावर,
दावं ताणून हिरव्याकडे बघायची.
फवारल्यापासून चौदा दिवस विळा लावायचा नाही,
कारण तिचं दूध संध्याकाळी कोल्हापुरात
कट्ट्यावर कुणीतरी उभ्यानं पिणार असतं.
संस्थेच्या पुस्तकात फॅट उतरली होती.
आदगोंडा काही बोलले नाहीत,
पुस्तक मात्र माझ्या वहीशेजारी उघडंच ठेवून गेले.

चौथ्या सोमवारी वाफा अकरा.
आधीचे गुण चार, चार, साडेचार.
आज एक.
कोवळी पानं लख्ख,
आणि वाकले तर वास,
नुकत्याच ओढलेल्या काडीचा.

"मीच मारलो," काकू म्हणाल्या.
"रात्री लाईट आली तवा. पाणी पाजाय आलतो.
पंपात राहिल्यालं तेवढंच.
बघवंना झालतं गं.
गोठ्याकडं जाताना रोज त्येच्यावरनंच जातो मी."

पंप धुवायचा राहिला होता, तो माझ्याकडून.

एक लिहिला तर खोटं.
चार लिहिला तर तेही खोटं.
हरवलेल्या वाफ्यासाठी एक सूत्र असतं:
त्याच्या रांगेची बेरीज, त्याच्यासारख्यांची बेरीज,
आणि त्यातून निघतो तो किती आजारी असता
याचा आकडा.
दुपारभर पिंपरणीखाली बसून मी तो काढला.
तीन पूर्णांक नऊ.
शेऱ्याच्या रकान्यात गारपीट लिहितात,
उंदीर लिहितात, जनावर शिरलं लिहितात.
पेन बराच वेळ तिथं टेकून राहिलं, एक ठिपका पडला.

"ह्यो आता कापू?" काकूंनी विचारलं.
अजून नको. चौदा दिवस.
त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं, एकदा, परत एकदा.

दोन, पाच, सोळा उभे होते
आपापली पानं गाळत,
त्यांना दिलेलं काम करत.
त्यानंतर काकू गोठ्याकडे
विहिरीवरून जायला लागल्या.
तो रस्ता लांबचा आहे.