फळ्या

शुक्रवारी लॅडब्रोक ग्रोव्हच्या त्या पांढऱ्या घराला
अकरा फळ्या ठोकल्या मी. अठरा एमेमचं प्लायवूड.
पेनफोल्डसाहेब पायरीवर उभे,
"खिळे जपून, चौकटी दीडशे वर्षांच्या आहेत."
मी मान हलवली.
खालच्या दारानं आत, खालच्याच दारानं बाहेर.
वरचं दार पाहुण्यांचं, लोण्याच्या रंगाचं.

दरवर्षी कार्निव्हल आला की ते फ्रान्सला पळतात.
यंदा थांबले.
(बायको सोडून गेली, युलाली म्हणते.
ती तिथं लादी पुसते, तिला सगळं ठाऊक.)

रविवारी, नुकतंच उजाडलेलं, जूवे.
बादल्या भरभरून चॉकलेट, चिखल, पावडर.
आमच्या संगमेश्वराकडे शिमग्याला
ज्याला एरवी अरे म्हणायची सोय नाही
त्याच्या दारात बोंब मारायची मुभा असते,
पालखी फिरते तोवर.
मला वाटलं, तसंच काहीतरी असेल.
पण इथं कुणी कुणाला शिवी घालत नव्हतं.
नुसते दात दिसत होते माणसांचे, आणि डोळे.

लोखंडी पिंपांच्या तालात
एकानं माझ्या खांद्यावर हात टाकला,
गालाला चॉकलेट फासलं आणि नाचायला लागला,
नाचता येत नसलेला माणूस नाचतो तसा, गुडघ्यांतून.
मीही. माझा डावा गुडघा दुखतो, तरी.
बाटली तोंडाला लावून त्यानं मला दिली.
मी प्यालो.
उष्टं हा शब्द मला सोमवारी आठवला.
घड्याळावरून ओळखलं मी त्याला.
त्यानं मला ओळखलं का, देव जाणे.

सोमवारी युलालीच्या पाठीवर खाटेएवढी पिसं होती.
पोलीस तिच्यासाठी वाट करून देत होता
आणि ती त्याला आभारसुद्धा मानत नव्हती.

मंगळवारी खिळे उपटायला गेलो.
रस्ता धुऊन झालेला. गटारावर एक हिरवं पीस.
साहेबांनी वरचं दार उघडलं
आणि बोटानं खाली दाखवलं.
"तिकडून, प्लीज."
त्यांच्या कानामागे, आरशात दिसत नाही तिथं,
वाळलेल्या चॉकलेटचा पोपडा.
सांगणार होतो.
मागे बादली घेऊन युलाली उभी होती,
तिनं डोळ्यांनीच नको म्हटलं.

शिमगा सरतो, कवित्व उरतं.
फळ्यांना मागून नंबर टाकले, एक ते अकरा,
पुढच्या वर्षी शोधाशोध नको.
एकीवर कुणाचा तरी पंजा उमटलाय, तपकिरी, बोटं फाकलेली.
सहा नंबर.
ती तेवढी मी पुसली नाही.