पोपटाचा पत्ता

संपादकांचा फोन: दिवाळी अंकासाठी
एक परीकथा द्या, पण राक्षसाच्या बाजूनं.
हल्ली चालतं तसलं. शब्द दोन हजार,
मानधन अंक खपला तर.

मला वाटलं, सोपं आहे.
शिंगं जरा बोथट करायची, थोडं लहानपण द्यायचं,
माणूसघाण, माणूसघाण म्हणत तो गुहेत शिरतो
ते भुकेनं नाही, भीतीनं, असं लिहायचं.
पहिलं पान एका बैठकीत झालं.
बाराव्या मजल्यावर वारा चांगला असतो.
समोर शिवडीची खाडी, चिखलात फ्लेमिंगो,
लांबून पतंगाच्या कागदाचे कपटे.

अडलं ते पुढे.
पळवून आणलेली राजकन्या
राक्षसाच्या डोक्यावर तेल घालता घालता विचारते,
तुमचा जीव कशात आहे हो?
आणि तो सांगून टाकतो!
साता समुद्रापलीकडे बेट, बेटावर वड,
वडाच्या ढोलीत पिंजरा, पिंजऱ्यात पोपट.
अख्खी नगरं खाल्लेला, आणि इतका बावळट?
लहानपणी मी आईला विचारायचे.
आई म्हणायची, झोप.

क्रॉफर्ड मार्केटला जाऊन आले, पोपट जवळून बघावा म्हणून.
पिंजरेवाला म्हणाला, पोपट बंद झाले मॅडम,
कायदा आहे. लव्हबर्ड न्या.
जीव मावणार नाही त्यात, मी म्हटलं.
तो हसला नाही.

हा टॉवर व्हायच्या आधी इथे आमची चाळ होती.
एकोणसत्तर सह्या झाल्या होत्या, एक राहिली होती.
तळमजला, खोली तीन, मिठबावकर.
गोदीत क्रेन चालवलेली, पंजे सुपाएवढे,
दारात आलेला पोरांचा बॉल परत न देणारे.
कमिटीत त्यांचं नाव कुणी घेत नसे.
राक्षस सही करत नाही, एवढंच.

मला पाठवलं. तुम्ही लिहिता, तुम्हाला बोलता येतं.
ओल्या काजूची उसळ घेऊन गेले.
डबा आणायला परत गेले.
तिसऱ्या वेळी गेले तर त्यांनी खुर्ची पुसून ठेवलेली.

काका, मी म्हटलं, तुमचं एवढं अडलंय कशात?

पलंगाखालून पेटी ओढली. पेटीत बिस्किटांचा डबा,
डब्यात पिशवी, पिशवीत रबरबँड लावलेल्या
भाडेपावत्या. सगळ्या मोठ्या भावाच्या नावावर.
भाऊ गेला शहाऐंशीला. नाव बदलायचं राहिलं.
सही करायला गेलो की विचारतील ना,
तुम्ही कोण?
हे कुणाला बोललो नव्हतो, म्हणाले.
कुणी विचारलंच नव्हतं.

साठा उत्तरांची असते म्हणतात कहाणी.
ही एका उत्तरात संपली.
मी जिना चढून थेट सेक्रेटरींकडे गेले,
रिकामा डबा हातातच होता.

पंधरा दिवसांत वसईहून पुतण्या आला.
त्याची सही फार वळणदार होती.
मिठबावकर टेम्पोत पुढे बसले, पेटी मांडीवर.
मागे वळून बघितलं वगैरे काही नाही.
पायरीवर एकवीस बॉल मांडून ठेवले होते,
टेनिसचे, रबरी, एक सीझनचा,
सगळे धुतलेले.

तर कथा अजून तेल घालण्यापाशीच आहे.
'मी' लिहिते, राक्षसाचा मी,
आणि तिसऱ्या शब्दापर्यंत
त्याच्या तोंडून माझाच आवाज यायला लागतो,
कोमट, वाटीत बोटं बुडवून बघितलेला.

संपादकांचा मेसेज आलाय:
राक्षस शेवटी मरतो ना? मुलांचं पान आहे.
मी टाइप केलं, नाही, वसईला असतो.
मग पुसलं.
पुतण्या वसईला असतो.
ते कुठे असतात, ते मी विचारलं नव्हतं.