हात बोलवा

“हात बोलवा रे!” असा पुकारा झाला की मी उठायचं.
वडणग्यातलं ते घर, शूटिंगला भाड्यानं दिलेलं,
सैपाकघराला भिंती तीनच.
चौथीच्या जागी रूळ, रुळावर कॅमेरा.
चुलीत लाकडं नुसती दिसायला, खाली गॅसची नळी,
धूर एक पोरगा कोपऱ्यात बसून सोडतोय,
आणि खिडकीतली सकाळ
दुपारी तीन वाजता दिव्यानं लावत्यात.

सौदामिनी वहिनी, म्हणजे ऋचिता मॅडम, डोंबिवलीच्या.
लय गुणाची पोर. रड म्हटलं की रडती, ग्लिसरीन लागत न्हाई.
पण पिठाला हात लावला की भाकरीचा नकाशा.
म्हणून तोंड तिचं, भाकरी माझी.
आमच्यात बायका ‘करतो’ म्हणत्यात, सौदामिनी ‘करते’ म्हणती.
भाषा मुंबईहून येती, रात्री उशिरा, फोनवर.

इम्तियाजभाई माझ्या अंगठ्यावरला विळीचा वण
रंगानं बुजवतोय.
बांगड्या तिच्या मापाच्या, साबण लावून चढवायच्या.
निनाद कालचा फोटो धरून मोजतोय,
हिरव्या अकरा, मधी पाटली एक.
“मावशी, काल कोपराला पीठ नव्हतं.”
मी पुसतो.

सात टेक.
तिसऱ्याला टम्म फुगली होती,
तवर रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर आला, दणदणीत गाणी लावून,
आणि आवाजवाल्यानं कानावरचं काढून कपाळ धरलं.
“पुन्हा घेऊ, मावशी. अशीच फुगवा.”
अशीच.

घाटगे व्हाउचर लिहित्यात: हात, एक जोडी, रुपये पाचशे.
“बाहेर बोलायचं न्हाई बरं का. लोकांचा इश्वास असतोय.”

मग आठ वाजता घरात आत्ती टीव्हीम्होरं.
“अगं ये, बघ जरा! शहरातली पोर,
कशी गरागरा फिरवती परातीत!
तुझी मेली मधी जाड, काठाला चिरलेली.”
मी व्हय म्हणतो, तव्यावरची उलथतो.
पडद्यावर करंगळी जरा वाकडी दिसली,
ल्हानपणी दारात चेमटलेली.
ती कुठल्या रंगानं बुजायची?
पर आत्तीच्या डोळ्यांत मोतीबिंदू.

दिवाळीनंतर टीआरपी पडला.
रात्री साडेअकराला पानं आली:
जाऊबाईचा डाव, तेलाची कढई,
सौदामिनीचे हात भाजतात. रविवारी महाएपिसोड.
भाजायला मुंबईहून रबराचे हात आले,
गाडीत मागच्या शिटवर, फडक्यात गुंडाळून.
त्यांचं भाडं मी इचारलं न्हवतं.
घाटग्यांनी आपणच सांगितलं, चार हजार.

मग पट्ट्या. एकवीस भाग पट्ट्या.
ऋचिता मॅडम चमच्यानं जेवत होत्या, नवरा भरवत होता,
आणि माझी हजेरी बुडाली.

आत्ती तीन दिवस धड जेवली न्हाई.
मंगळवारी मला घेऊन अंबाबाईला गेली,
नारळ, खण, पाच प्रकारची फळं.
पुजाऱ्यानं इचारलं, कुणाच्या नावानं?
“सौदामिनी,” आत्ती म्हणाली. “गोत्र ठावं न्हाई बाबा.
हाताला गुण येऊ दे पोरीच्या.
भाकरी लय चांगली करती.”
गर्दी मागनं ढकलत होती.
मी ताट धरून हुबी,
वाकडी करंगळी नारळाखाली.

आठ दिवसांनी निनादचा फोन:
“मावशी, शनिवारी पट्ट्या सोडतोय. सहाला या.
आणि नखं वाढवू नका.”

आत्तीला म्हटलं, बरी व्हनार ती आता, काळजी सोडा.
“तुला कोण म्हटलं?”
मी परात वडली. पाणी गरम झालंवतं.
आत्ती तिथंच बसून ऱ्हायली,
टीव्ही बंद,
थापायचा आवाज ऐकत.