साठ किलोचा माणूस

फॉर्म कानडीत छापलाय, आकडे इंग्रजीत,
विचारायचं मराठीत.
मच्छेच्या पुढं, फाउंड्रीची काळी वाळू टाकून बुजवलेल्या
ओढ्याकाठी सत्तावीस घरं.
माझ्या पिशवीत वजनकाटा, एक लिटरचं माप,
बाटल्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या.

रोज किती पाणी पिता?
निंगव्वा सायनेकर हसते.
"मोजून कोण पितंय गे?
रोप लावतेवेळी वाकल्या जाग्यावर तांब्या तोंडाला,
घरात आलं की परत."
मी माप पुढं करते. ती आत डोकावते,
कुणी तिची तहान बाहेर काढून दाखवावी तशी.
दोन लिटर लिहिते. बहुतेक जास्तच.

किती वर्षं?
"धाकटीच्या बारशाला पाणी चांगलं हुतं.
तिच्या लग्नात आचारी म्हणाला,
भात पिवळा का होऊलालाय, हळद घातल्यासा काय?
मधली सगळी धर."
मधली सगळी: एकवीस.

वजन?
चप्पल काढून काट्यावर चढते, पदर सावरते,
आकडा हलू नये म्हणून श्वास धरते.
एकेचाळीस पूर्णांक तीन.

नातू उंबऱ्यापाशी धुळीत.
हा माती खातो?
"सगळीच खातात की. दात येतेवेळी."
त्याचा आकडा फॉर्मात आधीच छापलेला आहे,
रोज दोनशे मिलिग्रॅम.
रात्री घरी, स्वयंपाकाच्या काट्यावर
तेवढी माती ठेवून बघायला गेले.
एक चिमूट. शून्य.
अजून एक. शून्यच.

शट्टूप्पा त्या बंद पडलेल्या क्रोमच्या कारखान्यात
अकरा वर्षं टाकीवर उभा होता.
बंपर बुडवायचे, काढायचे,
त्यात आपलं तोंड दिसतंय का बघायचं.
त्याच्या नाकाच्या मधल्या पडद्याला भोक आहे.
गल्लीतल्या पोरांना तो त्यातून दोरा ओवून दाखवतो
आणि पोरं परत परत मागतात.
त्याला कुठल्या रकान्यात घालू?
फॉर्म रहिवाशांचा. कामगार दुसऱ्या खात्याकडे,
ते खातं धारवाडला.
"कामगार हुतो तो मी," शट्टूप्पा म्हणतो,
"खरं नाक हितलंच रहिवासी हाय."

ऑफिसात हिशेब.
पाण्यातलं क्रोमियम गुणिले लिटर गुणिले वर्षं,
भागिले वजन.
शून्य पूर्णांक शहाण्णव.
एकाच्या आत आलं की काळजी नाही.
हुंदरे सर चांगले आहेत,
बाटल्यांसाठी बर्फ स्वतःच्या पैशानं आणतात.
म्हणाले, वजन साठ धर.
सगळीकडं साठच धरतात.

साठ किलोचा माणूस मी सत्तावीस घरांत शोधला.
एक मिळाला. सुट्टीला आलेला,
बेंगळुरात असतो,
बाटलीतलं पाणी पितो.

एकेचाळीस पूर्णांक तीन घालून बघितलं.
एक पूर्णांक एकोणचाळीस.
समासात लिहिलं, पेन्सिलीनं,
खोडता येईल इतकं हलकं.

एक मात्र कुठंच लिहिलं नाही.
त्या दिवशी निघताना निंगव्वानं पेला पुढं केला,
सोबत गुळाचा खडा.
पेल्यात पिवळं काही दिसतसुद्धा नव्हतं.
एका पेल्याचा धोका मला माहीत होता,
हिशेबात धरू नये इतका.
अर्धा प्यायले. पोट भरलं, म्हणाले.
तिनं माझ्याकडं बघितलं, मग पेल्याकडं,
"वाया कशाला," म्हणत
उरलेलं स्वतः पिऊन टाकलं.

दोन लिटर
आणि अर्धा पेला.