बारा बाय अठरा

कोकिळाबाईंनी मोबाइल पुढे केला,
"यातला मोठा करून द्या."
फॉरवर्ड होत होत आलेला लग्नातला फोटो.
सुपडूअण्णा मागच्या रांगेत,
अर्धे कुणाच्या तरी फेट्याआड.
वाढवला की नाक जायचं, कान उरायचा.

धरणगावात मे महिना. प्रिंटरची निळी शाई नळीतच वाळलेली,
कूलर नुसता आवाज करतोय.
"दुसरा नाही?"

पिशवीतून पुस्तक निघालं.
अण्णांनी गोळा केलेले अहिराणी शब्द,
स्वखर्चाने, पाचशे प्रती;
चारशे तीस अजून दिवाणाखाली, सुतळीसकट.
मलपृष्ठावर अण्णा.
हा फोटो माझ्याच वडिलांनी काढलेला,
लाल दिव्याखाली धुतलेला.
त्या खोलीत आता झेरॉक्सचं मशीन आहे.

स्कॅन केला. बारा बाय अठरा.
ट्रेमध्ये चेहरा आलाच नाही,
ठिपके आले, काळ्या तिळाएवढे.
छापखान्याने अण्णांना ओळीत पेरलं होतं.
मी ओशाळलो. "पैसे राहू द्या."

त्यांनी कागद शटरला चिकटवला
आणि मागे सरकत सरकत
रस्त्यापलीकडे गेल्या, पानटपरीपर्यंत,
कपाळावर आडवा हात.
"दूरथीन दख ना भाऊ, दिखतस!"

मी गेलो.
मध्ये एक रिक्षा आली, गेली.
दिसत होते.
कुणालातरी शब्द विचारायला थांबल्यासारखे.

पुस्तक काउंटरवरच राहिलंय.
ठिपक्याला अण्णांनी काय लिहिलंय बघावं म्हणून
'ठ' काढला, तर पानं वरून जोडलेलीच,
बाइंडरकडून कापायची राहिलेली.

पट्टी शोधतोय.