ठराव

कॉव्हेंट्रीत मेथडिस्टांचा हॉल आम्हाला
दर रविवारी तीन ते पाच मिळतो.
पाचनंतर बॅडमिंटन.
त्यामुळे देवाचं सगळं वेळेत आटपावं लागतं.

त्या रविवारी उपासना जरा आधीच संपली.
पाळक ओहोळांनी चष्मा पुसला.
म्हणाले, एक ठराव आहे.

ठराव सुवार्ता पाटोळेबद्दल होता.
तिनं विचारलं होतं, इमारत निधीचे
एकेचाळीस हजार पौंड कुठल्या बँकेत आहेत?
एवढंच. चहाच्या वेळी, हातात बिस्किट.
तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा लेखी.

पाळक म्हणाले, एका मेंढराला शंका चावली
की कळप आजारी पडतो.
म्हणाले, माझ्याकडे केलेलं बोट
माझ्यापाशी थांबत नाही, वर जातं.
त्यांनी वर पाहिलं. आम्हीही पाहिलं.
तिथे ट्यूबलाइटच्या जाळीत
एक शटलकॉक अडकलं होतं.

संमती असेल त्यांनी हात वर करा.

शांतवनदादांचा गेला, मग त्यांच्या सुनेचा,
मग माझ्या नवऱ्याचा,
मग माझा.
खोटं कशाला बोलू, कुणी धरून वर केला नाही.
बत्तीस वर्षं हॉस्पिटलात नाड्या मोजलेला हात,
तो गेला वर
बसमध्ये घंटी दाबायला जातो तसा.

सुवार्ता शेवटच्या रांगेत होती.
तिनं कोट घातला. सगळी बटणं लावली.
स्वतःची खुर्ची उचलून थप्पीला लावली
(नियम आहे तो, मेथडिस्टांचा)
आणि गेली.

*

जालन्याला आईच्या तीन शेळ्या होत्या.
मिशनच्या आवाराला बाभळीचं कुंपण,
शेळ्या रोज पलीकडे.
तेव्हाचे पाळक आईला चिडवायचे,
शेरडांना शेवटी डाव्या हाताला उभं करणार आहेत,
ठाऊक आहे ना, बाई?
आई म्हणायची, करू द्या की.
पहाटे धार कोण काढतंय
ते त्याला दिसतंय.

तिला वाचता येत नव्हतं.
पाळकांना ती वाकून सलाम करायची,
चहात साखर जास्त घालायची,
आणि मग आपल्याला पटेल तेच करायची.
हे इतकं साधं
मला कसं जमलं नाही?

*

गाडीत नवरा म्हणाला,
आपण कोण न्याय करणारे?
केला की आत्ताच, मी म्हटलं.
दोघांनी. हात वर करून.
मग घर येईपर्यंत तो गिअर बदलत राहिला.

रात्री गुडघे टेकले.
हात जोडले तर उजवा डाव्याला ओळख देईना.
म्हटलं, देवा,
बावीस हात मोजले पाळकांनी.
मी घाबरून खाली बघत होते.
तुझा होता का त्यांत?
हीटरच्या पाइपात पाणी खळखळलं
आणि थांबलं.
उत्तर म्हणून धरावं असं काही नव्हतं त्यात.
पण गुडघ्यांवरून उठताना
एक गोष्ट लख्ख कळली,
की हे विचारल्याबद्दल
तो मला बाहेर काढणार नव्हता.

*

सोमवारी संध्याकाळी तिच्याकडे गेले.
शेंगदाण्याच्या चटणीची बरणी,
आणि माफीचं एक वाक्य
बसमध्ये पाठ केलेलं.

दार साखळीपुरतं उघडलं.
तिनं बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
म्हणाली, उद्या कुठला बिन न्यायला येतात?
हिरव्या झाकणाचा की निळ्या?
हिरव्या, मी म्हटलं.
वाक्य तोंडातच राहिलं.

बरणी पायरीवर ठेवली.
बिन फुटपाथपर्यंत ओढत नेला, त्याच हातानं.
एक चाक मोडलेलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल
असा खडखडाट.

वळून पाहिलं तर दार बंद होतं.
बरणी आत गेली होती.
म्हणजे, पायरीवर नव्हती.
त्याहून जास्त
मला सांगता येणार नाही.