सोबत जोडले आहे

भिलवडीत पूर ओसरला तेव्हा
माझं झेरॉक्सचं मशीन गेलं होतं, कागदाचे सात रिम,
लॅमिनेशनचा डबा, खुर्चीतला फोम.
भिंतीवर, माझ्या डोक्याच्या वर, एक तपकिरी रेघ.
पासवर्ड तेवढा कोरडा राहिला.

तिसऱ्या दिवशी जिनगोंडा आण्णा आले, चिखलाच्या पायांनीच.
"तुझ्या मेलवरनं सातबारा पाठवला हुतास की.
हाय का बघ अजून."

पालथ्या बादलीवर बसले, मांडीवर दिरांचा लॅपटॉप.
आण्णांचं नाव घालून शोधलं. काही नाही.
नावं मी दिलीच कुठं होती फायलींना!
स्कॅन झिरो झिरो थ्री. न्यू डॉक. नवीन. नवीन एक. नवीन नवीन.
मग म्हटलं, ज्यांना काही जोडलंय तेवढ्याच मेल दाखव,
आणि पेपरक्लिपा, नुसत्या पेपरक्लिपा,
सहा हजार चारशे बारा.

याच पेटीनं गेल्या महिन्यात बजावलं होतं:
जागा संपत आलीय, मोठ्या फायली काढून टाका.
मी आळस केला.
आळसाचे उपकार कुणी मानत नाही. मी मानते.

दुपारपर्यंत दारात रांग.
"कधी पाठवलेलं?" विचारलं की तारीख कोण सांगतंय,
"म्हस विकली त्या आठवड्यात."
"धाकटी रांगत हुती तवा."
धाकटी आता कितवीला, त्यावरून मी साल काढायचं.
बिस्मिल्लाबींचा निकाहनामा निघाला, तिरका,
कोपऱ्यात माझाच अंगठा.
तानाजी गुरवाची दहावीची गुणपत्रिका, गणितात पस्तीस.
"एवढी नसती घावली तरी चाललं असतं," म्हणाला,
आणि दोन प्रती मागितल्या. मशीनच नाही, विसरला होता.

रेश्मा कोळेकर सगळ्यांत शेवटी.
तासगावच्या शेडवर बेदाणा निवडते ती आता,
हिरवा वेगळा, काळा वेगळा.
"बारावीची. मिरजेला नर्सिंगला पाठवलेली बघा.
तिकडनं उत्तरच आलं न्हाई कधी."

पेपरक्लिपांत ती नव्हतीच.
गाळणी काढली, साधं नाव टाकलं,
लगेच आली.
माननीय महोदय, सोबत गुणपत्रिका जोडली आहे.
खाली पांढरं.
वेळ चार पन्नास. पाचला लाईट जायची तेव्हा,
मी घाई करायचे.
दहा रुपये घेतले होते.

"सापडत नाही" म्हणता आलं असतं.
त्या दिवसांत कुणाचं काय सापडत होतं?

लॅपटॉप तिच्याकडं वळवला.
ओठ हलवत तिनं ती ओळ दोनदा वाचली,
बोट स्क्रीनजवळ नेलं, टेकवलं नाही.
"जोडली आहे, असं लिवलंय की."

बाहेर कुणीतरी खोऱ्यानं गाळ ओढत होतं.

"लिहिलंय," मी म्हटलं.